एका सुताची जागा

हवा इतकी तापलेली आणि दमट की कपडे दोन-दोन दिवस दोरीवर लोंबकळत राहायचे, वाळायचं नाव नाही. म्हणून आम्ही हवेतलं पाणी शोषणारं यंत्र आणलं. आमच्या ह्यांनी त्याचं नाव ठेवलं पाणक्या. सोबतच्या कागदावर ठळक लिहिलं होतं, दारं-खिडक्या घट्ट लावा. त्या दुपारी मला गाडी चालवायच्या परीक्षेला घालायचे कपडे वाळवायचे होते. मी आज्ञाधारकपणे झोपायच्या खोलीचं दार आतून दणकन लावलं. दमटपणाने फुगलेलं ते दार बसलं ते बसलंच.

परीक्षा चार वाजता. वय सत्तावन्न, दोनदा नापास, आणि आज गैरहजर राहिले तर अर्जापासून पुन्हा सुरुवात.

हे सुतार. आमचं सूत जुळलं आणि लगेच ह्यांनी त्या खोलीला स्वतःच्या हाताने दार केलं. "चौकटीत चारी बाजूंनी एक सूत जागा, केसभर इकडेतिकडे नाही," हे इतक्यांदा ऐकवलंय की सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे आता पाहुण्यांनाही पाठ झालंय.

धक्के मारून झाले. "अहो, तासा ना जरा!" मी आतून ओरडले.

"वेडी का तू? आत्ता तासलं तर हवा कोरडी झाल्यावर बोटभर फट पडेल. पाणक्या चालू ठेव. लाकूड आक्रसेल."

दोन वाजता पाणक्याची टाकी भरली आणि तो कोकलायला लागला. मी खिडकी उघडून गजांतून पाणी बाहेरच्या कुंड्यांत ओतलं.

"खिडकी उघडलीस? सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलंस!"

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला ते दारच प्यारं! माझी परीक्षा गेली चुलीत!"

बाहेरून आवाज आला, "उतारावर गाडी लावताना चाकं कुठे वळवायची?"

"फुटपाथकडे."

"अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर?"

"चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं." नियमांचं पुस्तक तर माझ्या मांडीवर होतं. "तुम्हाला कसं ठाऊक हे?"

"दोनदा वाचलंय. तू रडत घरी आलीस, म्हटलं बघावं तरी एवढं काय लिहिलंय त्यात."

घामाघूम झाले होते, पण एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

सव्वातीन वाजले, तरी दार ढिम्म. बाहेर छिन्नीवर हातोड्याचा घाव बसला, पाठोपाठ दुसरा.

"अहो, दाराचं वाटोळं होईल!"

"होऊ दे. सरक मागे."

हातभर ढलपा उडाला आणि दार उघडलं. हे घामाने निथळत होते. तुटक्या कडेकडे त्यांनी बघितलंही नाही. "वाळले ना कपडे? मग आवर पटकन!"

मी पास झाले. येताना गाडी मीच चालवली. दुसरं कोणी चालवत असलं की ह्यांचा जीव मुठीत असतो, सूचना थांबत नाहीत. पहिल्या वळणावर "सावकाश" म्हणाले, दुसऱ्यावर काहीच नाही. तिसऱ्या वळणावर बघते, तर हे खुशाल घोरत होते.

घर आलं. मी गाडी थांबवलीच नाही, आणखी एक फेरी मारली.