दहा किलोच्या आत

त्याला सगळे डॉक्टर म्हणत, पण तो माणसांचा डॉक्टर नव्हता. दवाखान्यांतली एक्स-रे आणि सोनोग्राफीची मशीनं बिघडली की ती दुरुस्त करायला कंपनी त्याला पाठवायची. महिन्यातून तीन-चारदा विमान. पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत, म्हणून हत्यारांची पेटी कपड्यांच्या बॅगेत ठेवून ती बॅग काउंटरवर द्यायची. पंधरा किलोपर्यंत फुकट, त्याच्यावर प्रत्येक किलोचे पैसे. त्याची बॅग तेराच्या पुढे फारशी कधी गेली नव्हती. नाकासमोर चालणारा माणूस. घरात लटकता काटा ठेवला होता आणि त्यावर बॅग अडकवून आकडा बघितल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नसे.

म्हणून त्या सोमवारी काउंटरवर पंधरा किलो सहाशे असा आकडा आला तेव्हा त्याला वाटलं, काटाच बिघडलाय. घरी तेरा किलो शंभर भरली होती. काउंटरवरची बाई आठ वर्षांपासून ओळखीची. साखळी लावलेला चष्मा, निवृत्तीला थोडंच राहिलेलं, नियमाला पक्की. तिने काटा शून्यावर आणून पुन्हा बघितलं, मग शेजारच्या काट्यावर बॅग ठेवायला लावली. तिथेही पंधरा सहाशे. शेवटी त्याने गुडघे टेकून बॅग उघडली. हत्यारांच्या पेटीखाली, टॉवेलात गुंडाळलेला, एक पितळी खलबत्ता होता.

बाई वाकून बघत म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हल्ली मशीनं कुटून दुरुस्त करता का?"

रांगेतली दोन-चार माणसं हसली, तोही हसला. हे घरी राहणाऱ्या थोरल्या बहिणीचं, ताईचंच काम, असं तो धरून चालला. एका किलोचे पैसे भरले. बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का, हा नेहमीचा प्रश्न बाईने विचारला आणि त्याने सवयीने हो म्हटलं. तपासणी होऊन आत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण खोटं बोललो.

ताई त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी. आई-वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. तिनेच त्याला वाढवलं, शिकवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. एका शाळेच्या ग्रंथालयात ती नोकरी करायची. विमानात मात्र पाय ठेवायची नाही. कुठे लांब जायचंच झालं तर दोन-दोन दिवस बसने जायची, पाय सुजवून घ्यायची. घाबरट आहे, असं तो चिडवायचा आणि ती चिडवून घ्यायची.

परत आल्यावर त्याने खलबत्ता जेवणाच्या टेबलावर ठेवला. ताईने लगेच हात लावला नाही. मग एका बोटाने तो फिरवला, काठावर एक जुनी खाच होती तिथे बोट थांबवलं, आणि कुठे मिळाला म्हणून विचारलं. तूच टाकलास ना बॅगेत, असं तो म्हणाला. ती म्हणाली, टाकला असेल. आणि उचलून आत घेऊन गेली.

ताई कधी 'असेल' म्हणत नसे. केलं तर केलं, नाही तर नाही. सकाळी तो चहा करायला गेला तेव्हा खलबत्ता खिडकीत धुऊन उपडा घातलेला होता आणि बेसिनच्या तळाशी बारीक, करडा गाळ बसला होता. नदीकाठी असतो तसा.

तीन आठवड्यांनी पुन्हा जाणं झालं. या वेळी त्याने बॅगेला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. घरी बारा नऊशे. काउंटरवर तेरा सातशे.

बाईने चिठ्ठी लावायला घेतली. तो म्हणाला, थांबा, उघडतो. पंधराच्या आत आहे, मग कशाला उगाच मागच्यांना खोळंबवताय, असं ती म्हणाली. पण त्याचा चेहरा बघून तिने चिठ्ठी खाली ठेवली. कुलूप जसंच्या तसं होतं. आत, त्याच्या घडी घातलेल्या शर्टांवर, बाळाचं एक दुपटं होतं. त्यात दोन झबली आणि एक वाटी-चमचा. दुपटं दमट होतं. चिखलाचा वास येत होता.

"तुमच्याकडे लहान मूल आहे?" बाईने हळूच विचारलं.

त्याचं लग्नही झालेलं नव्हतं. मान हलवून नाही म्हणाला. ही बॅग मी भरलेली नाही, असंही त्याने या वेळी सांगून टाकलं. नियमाप्रमाणे बाईने तेवढ्यावर सुरक्षावाल्यांना बोलवायला हवं होतं. तिने फोनकडे हात नेलाही. पण झबल्याच्या गळ्याशी कुणीतरी लाल दोऱ्याने घातलेले टाके होते, जरा वाकडे, घाईत घातल्यासारखे. ते बघून तिने हात मागे घेतला.

"दमट आहे," ती म्हणाली. "तिकडे पोचल्यावर वाळत घाला. कुबट होईल."

त्याने हॉटेलच्या खोलीत दुपटं खुर्चीवर पसरलं आणि दवाखान्यात कामाला गेला. दिवसभर हात चालत होते, डोकं जागेवर नव्हतं. आयुष्यात न केलेली चूक केली, एक तार उलटी जोडली. संध्याकाळी आला तर दुपटं वाळलं होतं, मधोमध मात्र हाताच्या पंजाएवढा भाग ओला होता आणि कोमट लागला. त्या रात्रीचे पैसे बुडवून तो दुसऱ्या हॉटेलात गेला. दुपटं मात्र टाकून द्यायचा धीर झाला नाही. घरी आणून त्याने ते आपल्या कपाटात वरच्या फळीवर, मागे सारून ठेवलं. ताईला काही सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला त्याने बॅगच घेतली नाही. हत्यारं दवाखान्यातली वापरीन म्हणाला आणि खांद्याला एक पिशवी लावून निघाला. काट्यावर ठेवायला काही नाही म्हटल्यावर त्याला जरा हायसं वाटत होतं. बाईने त्याचं ओळखपत्र घेतलं, बटणं दाबली आणि चष्म्यावरून आधी त्याच्याकडे, मग त्याच्या मागे, मग काउंटरवरून वाकून खाली जमिनीकडे बघितलं.

"आणि बाळ?"

"कुठलं बाळ?"

तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवला. त्याच्या नावाखाली एक ओळ होती: मांडीवरचं बाळ, मुलगी, दहा महिने. नावाच्या जागी नुसतं 'ठकी' लिहिलेलं.

त्याने विचारलं, चूक असेल ना. बाई म्हणाली, मलाही तसंच वाटलं होतं. सकाळी यादी बघताना तीनदा खोडलं. तिने त्याच्यासमोर चौथ्यांदा खोडलं. ओळ गेली. मागचा प्रवासी खाकरला, पट्ट्यावरून एक बॅग आत गेली, आणि ओळ पुन्हा तिथे होती.

त्या दिवशी तो विमानात बसला नाही. ऐन दुपारी घरी परतला. शाळेला सुट्टी होती. ताई टेबलावर वर्तमानपत्र पसरून पुस्तकांना कव्हरं घालत होती. तू गेला नाहीस का, असं तिने विचारायच्या आत त्याने कपाटातून दुपटं काढून तिच्यापुढे ठेवलं.

"ठकी कोण, ताई?"

ताईने कात्री खाली ठेवली. ती दुपट्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग सांगायला लागली, आणि ते इतक्या सपाट आवाजात, की जणू कुणाला तरी पुस्तक परत करायची तारीख सांगतेय.

गावावरचं धरण फुटलं आणि आई-वडील गेले, आपण दोघं आदल्या दिवशीच्या विमानाने निघालो म्हणून वाचलो, एवढं त्याला ठाऊक होतं. बाकीचं ताईने कधी सांगितलं नव्हतं. धरणाला तडा गेल्याचं कळलं तेव्हा रस्ता आधीच वाहून गेला होता. गावाबाहेरच्या धावपट्टीवर एक छोटं विमान फेऱ्या मारत होतं. आधी मुलं आणि म्हातारी माणसं. बरोबर एकच बॅग, दहा किलोच्या आत. आईने भरलेली बॅग चौदा भरली. अधिकारी म्हणाला, चार काढा. ताईने तिथेच फरशीवर बसून सामान काढलं. पहिला खलबत्ता काढला. तो आईने का भरला होता, देव जाणे. तो आईच्या आईचा होता आणि त्या सकाळी आईचं डोकं चालत नव्हतं. आईच्या कडेवर ठकी होती, दोघांची धाकटी बहीण. मग अधिकाऱ्याने विचारलं, बाळ कुणाच्या मांडीवर बसणार. आई म्हणाली, हिच्या, ही थोरली.

"त्याने माझं वय विचारलं," ताई म्हणाली. "मी म्हटलं, अठराला तीन महिने कमी आहेत."

माणूस वाईट नव्हता. त्याने नियमांची वही उघडून दाखवली. दोन वर्षांच्या आतलं मूल फक्त मोठ्या माणसाच्या मांडीवर, आणि मोठं म्हणजे अठरा पूर्ण. आई-वडिलांचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत होता. आई म्हणाली, ठीक आहे, एका रात्रीचा तर प्रश्न, राहील माझ्याजवळ. मग बॅगेतून ठकीचं सगळं काढून घेतलं. दुपटं, झबली, वाटी-चमचा.

"तिला आईकडे देताना तिनं माझी वेणी धरून ठेवली होती. आईनं एकेक बोट सोडवलं." ताईने दुपट्याचं टोक सरळ केलं. "त्याने विचारलं आणि मी खरं सांगितलं, सोन्या. तीन महिन्यांचा तर फरक होता. कोण बघायला येणार होतं?"

सकाळची फेरी झालीच नाही. धरण पहाटेआधीच गेलं होतं.

सतरा वर्षांच्या मुलीने खरं बोलण्यात काय चुकलं, असं काहीतरी तो बोलला, ते त्याचं त्यालाच तोकडं वाटलं. मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिकडे पोचल्यावर तू आठवडाभर ठकी कुठे म्हणून विचारत होतास. मग एक दिवस विचारायचा थांबलास. मला बरं वाटलं.

दिवेलागणीच्या सुमारास ताईने दुपटं आणि झबली हाताने धुतली, वाळवली, इस्त्री केली. इस्त्री करता करताच तिने विचारलं, तुझं पुढचं जाणं कधी. गुरुवारी, तो म्हणाला. माझंही तिकीट काढ, ती म्हणाली. त्याने काढलं. दोन माणसं, तिसरं कुणी लिहिलं नाही.

गुरुवारी सकाळी काउंटरवर तीच बाई होती. ताई डावा हात कोपरात वाकवून, दुपटं छातीशी धरून उभी होती. बाईने दोघांची ओळखपत्रं घेतली, पडद्याकडे बघितलं. ओळ या वेळी ताईच्या नावाखाली होती. बाईने त्याच्याकडे बघितलं नाही. नियमात असतं तसंच, सरळ आवाजात विचारलं.

"बाळ कुणाच्या मांडीवर?"

"माझ्या."

"तुमचं वय?"

"छप्पन्न," ताई म्हणाली. "पूर्ण."

बाईने मांडीवरच्या बाळाचं जे थोडंसं भाडं असतं ते सांगितलं, ताईने स्वतःच्या पर्समधून दिलं. तीन बोर्डिंग पास निघाले. मग बाई खुर्चीतून उठली, चष्मा नाकावर सारखा केला आणि काउंटरवरून वाकून, बायका जशा वाकतात तशी, ताईच्या हातातल्या दुपट्यात डोकावली. क्षणभर तिचा चेहरा मऊ झाला.

"कानात कापसाचे बोळे घाला," ती ताईला म्हणाली. "वर जाताना फार दुखतात त्यांचे कान."

तुम्हाला काय दिसलं, असं तिला विचारावं म्हणून तो मागे रेंगाळला. पण तिने पुढच्या माणसाला हाक मारली होती.

विमानात हवाई सुंदरीने बाळाचा छोटा पट्टा आणून दिला, ताईच्या पट्ट्यात ओवून दाखवला आणि पुढे गेली. ताई तो नीट लावून बसली. इतकी वर्षं विमानाला घाबरणारी बाई. विमान धावायला लागलं तरी तिने खिडकीकडे बघितलं नाही. तो दुपट्याकडे बघत होता. कापड किंचित वर यायचं, खाली जायचं. मशीनचा माणूस असल्याने त्याने मनाशी हिशेब मांडला, की हा ताईचाच श्वास असणार. मग त्याच्या लक्षात आलं, की चाकं जमिनीवरून सुटल्यापासून ताईने श्वास रोखून धरलाय. कापड तरी हलतच होतं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी वळून मागे बघत होती. ती आसनांच्या फटीतून ताईच्या मांडीकडे बघून हसली आणि बोटं हलवून टाटा केला.

ढगांच्या वर आल्यावर त्याने विचारलं, "ताई, बरी आहेस ना?" त्याचा आवाज जरा मोठा निघाला.

"हळू," ताई म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरची वेणी पुढे ओढल्यासारखी ताणली गेली होती. "आत्ता कुठे डोळा लागलाय."

खिडकीतून उन्हाचा चौकोनी तुकडा थेट तिच्या मांडीवर पडला होता. त्याने हात लांब करून, आवाज होणार नाही अशा बेताने, खिडकीची झडप खाली ओढली.