समोरासमोरच्या नळ्या

जरा बसा. मी मिनिटाला तीन हजार फेरे मारतो, पण बोलायला मला वेळ लागतो. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतला सेंट्रिफ्यूज. नाव तोंडात बसत नसेल तर राहू द्या. आमच्या बाईंचे मामा मला 'गरगऱ्या' म्हणतात, मी त्यालाही ओ देतो.

दिसायला मी जाड बुडाच्या पातेल्यासारखा. वर झाकण, आत गोलाकार बसवलेले आठ धातूचे कप आणि खाली मोटर. कपांत रक्ताच्या नळ्या ठेवायच्या, झाकण लावायचं आणि बटण फिरवायचं. दहा मिनिटांत रक्तातला लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी उरतं. साखर किती, कावीळ आहे की नाही, ते त्या पाण्यावरून कळतं. म्हणजे माणसांना कळतं. मी आपला वेगळं करून देतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. एका फिटर बाईंनी मला जोडलं. पहिल्यांदा फिरवलं तेव्हा त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं "गुणाचा आहे" म्हणाल्या आणि पुढचं यंत्र ओढलं. तेवढ्यावर मी पुष्कळ वर्षं काढली.

तिथून मी एका दवाखान्यात गेलो. तिथले तंत्रज्ञ वयस्कर होते, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारे. माझ्या बाबतीत मात्र त्यांची कधी चूक झाली नाही. माझा नियम एकच आहे. एका बाजूला जेवढं वजन, तेवढंच बरोब्बर समोरच्या बाजूला हवं. एकच नळी असली तर ते दुसऱ्या नळीत तेवढंच पाणी भरून समोर ठेवत. दोन्ही नळ्या डोळ्यांसमोर धरून पाणी थेंबाथेंबानं सारखं करत. मग मी असा फिरे की शेजारच्या कपातला चहासुद्धा हलत नसे.

ते निवृत्त झाले आणि नवी माणसं आली. वाईट नव्हती, पण घाईत असायची. एक नळी टाकायची आणि बटण फिरवायचं. एका अंगाला वजन आणि दुसरं अंग रिकामं, मग मी काय करणार? थडथडत टेबलावरून चालत सुटायचो. "आज कुठवर गेला?" म्हणून ती हसायची. एकदा माझ्या आतच एक नळी फुटली. त्यांनी वरवर पुसून घेतलं. पुढं कुणीतरी माझ्यावर 'बिघडला आहे' असा कागद चिकटवला आणि मला अडगळीच्या खोलीत नेलं. दोन वर्षं मी केरसुणी आणि रिकाम्या खोक्यांशेजारी काढली. रोज वाटायचं, कुणीतरी येईल आणि विचारील की बाबा, तुला होतंय तरी काय?

आला तो जुनी उपकरणं विकणारा दुकानदार. त्यानं सगळी अडगळ उचलली, तीत मीही गेलो.

त्याचं दुकान म्हणजे आमच्यासारख्यांची धर्मशाळाच. एका डोळ्याचं भिंग हरवलेला सूक्ष्मदर्शक, दार न लागणारी भट्टी, काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा तराजू. दुकानदार बोलका होता. प्रत्येक वस्तूबद्दल त्याचं एकच सांगणं, "एका डॉक्टरांची आहे, फक्त रविवारी वापरायचे." मला तो रिकामा, अगदी हळू फिरवून दाखवायचा. रिकामा आणि हळू मी छानच फिरायचो. "बघा, लोणी आहे लोणी," तो म्हणायचा. मग गिऱ्हाईक खिशातून एखादी नळी काढून टाकायचं, वेग वाढवायचं आणि मी नाचायला लागायचो. गिऱ्हाईक निघून जायचं.

एके दिवशी सकाळी एक धारवाला आला. सुऱ्या-कात्र्यांना धार लावायच्या त्याच्या चाकाची मोटर जळाली होती. त्यानं मला उलटं केलं आणि बुडाला कान लावला.

"मोटर फक्कड आहे. बाकीचं भंगारात टाका," तो म्हणाला.

"आजचा दिवस थांब. संध्याकाळी ये, काढून ठेवतो," दुकानदार म्हणाला.

तुमचं काळीज फक्कड आहे, बाकीचं टाकून देऊ, असं कुणी तुम्हाला म्हटलं तर कसं वाटेल? मला तसंच वाटलं.

दुपारी त्या आल्या, आमच्या बाई. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेत राबून त्यांनी आता स्वतःची खोली घेतली होती. पाटी रंगवून झाली होती, सोमवारी सुरुवात होती. सगळं जमलं होतं, फक्त सेंट्रिफ्यूज नव्हता. नवा झेपत नव्हता आणि त्याच्यावाचून आलेलं रक्त दुसऱ्यांकडेच पाठवावं लागलं असतं. सोबत त्यांचे मामा होते. मामांचा जन्म बसगाड्यांच्या दुरुस्तीत गेलेला.

"रविवारचा डॉक्टर मला नका सांगू," मामा दारातूनच म्हणाले. "मागच्या खेपेला भट्टी दाखवलीत, ती पण त्याचीच होती. एवढं सामान होतं तर तो पेशंट कधी बघायचा?"

दुकानदार हसला. "काका, बसा तर खरं. ताई, हे बघा."

त्यानं मला रिकामा, हळूच फिरवला. मग मामांनी बाईंच्या पिशवीतली एक नळी पाण्यानं भरून आत टाकली, वेग वाढवला आणि मी नाचलो.

"बेअरिंग गेलंय," मामा म्हणाले. "चल गं."

"मामा, एक नळी टाकलीत तर तो नाचणारच. तुम्ही बसचं एकच चाक काढून चालवाल का?"

"आता मला तू शिकवणार?"

"हो. थांबा जरा."

बाईंनी दुसरी नळी घेतली. दोन्ही डोळ्यांसमोर धरून पाणी थेंबाथेंबानं सारखं केलं. कितीतरी वर्षांनी माझ्यासाठी कुणी असं करत होतं. नळ्या समोरासमोर बसल्या, बटण पुरं फिरलं आणि मी सगळा जीव एकवटून नीट फिरायला गेलो.

तरीही थडथडलो.

काय सांगू तुम्हाला. बाईंचा चेहरा पडला. मामांनी पिशवी उचलली. "ऐक माझं. आपण आणखी एक महिना थांबू. पाटी काही पळून जात नाही."

"जागेचं भाडं सुरू झालंय, मामा."

तेवढ्यात धारवाला दारात येऊन उभा राहिला. "घाई नाही. तुमचं होऊ द्या," म्हणाला आणि पायरीवर बसला. माझं मात्र सगळं लक्ष त्याच्या हातातल्या पान्याकडे.

बाई माझ्यात वाकून बघत होत्या. मग त्यांनी एकेक कप बाहेर काढला. "तो तराजू चालतो का हो?" त्यांनी विचारलं.

"चालतो म्हणजे? एका डॉक्टरांनी..." दुकानदार बोलता बोलता थांबला. "चालतो, ताई."

समोरासमोरचे दोन कप दोन पारड्यांत गेले. सारखे भरले. पुढची जोडी सारखी. तिसरीही सारखी. चौथ्या जोडीला एक पारडं टपकन खाली गेलं.

बाईंनी तो कप उजेडाकडे धरला. "मामा, तुमचा चिमटा."

तळाशी रबराची गादी होती. ती उचलली तर खाली काचेचे तुकडे, वाळून घट्ट बसलेले. कधीच्या त्या फुटलेल्या नळीचे. मामांनी जाड हातमोजे चढवून ते एकेक करून काढले, जसं काही बाळाच्या पायातून काटे काढतायत. कप औषधाच्या पाण्यात भिजवला, घासला, पुसला, पुन्हा तराजूत टाकला. पारडी हलली, डुलली आणि एका रेषेत थांबली.

"लाव आता," मामा म्हणाले. त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि मी पुऱ्या वेगात आल्यावर ते माझ्या झाकणावर उभं केलं, कडेवर.

नाणं उभं राहिलं.

मग पायरीवरून धारवाला म्हणाला, "एवढं चांगलं चालणारं यंत्र कशाला मोडता? मी मिक्सरची मोटर बघतो." त्यानं पाना पिशवीत टाकला. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण मला घरघरण्यापलीकडे काही येत नाही.

जाताना दुकानदारानं मला स्वतःच्या हातानं रिक्षात ठेवलं. "बघा ताई, म्हणालो नव्हतो, लोणी आहे म्हणून."

"लोणी काढलं आम्ही," मामा म्हणाले. "तुम्ही नुसतं ताक विकत होतात."

आता मी बाईंच्या खोलीत खिडकीशेजारी असतो. सकाळी सात वाजता पहिली माणसं येतात, उपाशीपोटी आणि कुरकुरत. सुई बघून मोठमोठे बाप्ये तोंड फिरवतात आणि लहान मुली टक लावून बघतात. मामा बाकावर बसून सगळ्यांना धीर देतात. स्वतःचं रक्त द्यायची वेळ आली की मात्र त्यांना बाहेर काहीतरी काम निघतं.

वय झालंय माझं. मध्यंतरी मोटरचे ब्रश झिजले होते, मामांनी बदलले. झाकणाचा रंग उडालाय. एक दिवस असा येईल की कप वाकतील आणि कितीही जुळवलं तरी मला तोल राहणार नाही. त्या दिवशी बाईंनी वाईट वाटून घेऊ नये. त्या धारवाल्याला बोलावून मोटर त्याला द्यावी. कुणाच्या घरची सुरी चालेल, कुणाची कात्री. मला आता त्याचं काही वाटत नाही.

तुम्ही कधी जुनं उपकरण घ्यायला गेलात, तर एवढं करा. ते थरथरलं म्हणून लगेच पाठ फिरवू नका. त्याचे कप काढून बघा, तळाशी काय अडकलंय ते बघा. थोडा वेळ लागतो. पण तुमच्या वेळेपेक्षा त्याचा जीव मोठा असतो.

चला, उठतो आता. बाईंनी आठही नळ्या भरल्यात आणि बाहेर कुणाची तरी आई हातातला कापूस दाबून धरून वाट बघतेय.