कपारीत पाहिलेलं

दामिनी उदगीरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची. त्या आठवड्यात तिचा वर्ग 'इनेफेबल' या शब्दावर अडला होता. शब्दांत न मावणारं, हा अर्थ पोरींना कळला होता. पण मग 'अनस्पीकेबल' वेगळं कसं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

"भान हरपावं इतकं सुंदर, पवित्र असेल तर इनेफेबल," तिनं समजावलं. "आणि तोंडून काढवत नाही इतकं भयंकर असेल तर अनस्पीकेबल. अदलाबदल केली की वाक्याचा विचका."

रविवारी तिचा नवरा मल्लिनाथ आपल्या मित्राबरोबर, भाड्याची जीप चालवणाऱ्या मकसूदबरोबर, इस्लापूरकडं सहस्रकुंडचा धबधबा बघून आला. मल्लिनाथचं बाजारात बियाण्याचं दुकान, गडी बोलका. जेवताना आईला आणि बायकोला सगळं सांगायला लागला.

"पानी लई होतं. मकसूद म्हनला, खालच्या खडकाकडं जाऊ, तिकडं कुनी जात न्हाई. उतरलो. एका कपारीत वाकून बघितलं, तर..."

पुढं त्याचे ओठ हलत राहिले. हातवारे चालू होते, डोळे मोठे झाले होते. आवाज मात्र नव्हता.

"...मंग वर येऊन भजे खाल्ले," तो म्हणाला.

"मधलं काय?" दामिनीनं विचारलं.

"आत्ताच सांगितलं की!"

तिनं पुन्हा विचारलं. तो वैतागून पुन्हा सांगायला लागला, आणि त्याच जागी पुन्हा आवाज गेला.

"घसा बसला असंल. काढा देते," सासूबाई, शांतम्मा, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दामिनी मकसूदकडं गेली. तोही कपारीपर्यंत खणखणीत बोलला. मग नुसते ओठ. आपल्या दोन शब्दांपैकी इथं कोणता लागू, हे कळावं म्हणून ती त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. त्यानं छातीवर हात ठेवला. तो अदबीनं ठेवला की भ्यायल्यानं, तिला काही ठरवता येईना.

पुढच्या रविवारी तिनं मल्लिनाथला गाडी काढायला लावली.

भर दुपार होती. ते खडकांतून खाली उतरले. कपारीपाशी पोचताच धबधब्याचा आवाज बंद झाला. पाणी समोर कोसळत होतं, आवाज नव्हता. तरी दामिनी वाकली आणि तिनं आत पाहिलं.

तिला ते स्वच्छ दिसलं. शब्द अपुरे पडावेत असं त्यात काहीच नव्हतं. परतीच्या वाटेवर दोघं त्याबद्दलच बोलत होते, आणि आता मल्लिनाथचा शब्दन् शब्द तिला ऐकू येत होता.

घरी आल्यावर तिनं शांतम्मांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं.

"बाई गं, तुझं बी तसंच व्हायलंय."

सोमवारी ती वर्गात म्हणाली, "मी सांगितलेला फरक खोडा."

"मग कुठला शब्द कुठं वापरायचा, मॅडम?"

तिनं सांगितलं, उदाहरण देऊन सांगितलं. पोरी पेनं उचलून एकमेकींकडं बघत राहिल्या.

संध्याकाळी नवरा-बायको ओसरीवर बसून बोलायचे. बाहेरून बघणाऱ्याला दोन माणसं नुसती तोंडं हलवताना दिसायची. शांतम्मा चार दिवस दारातून ते बघत होत्या. आपल्याच घरात त्यांना परक्यासारखं वाटायला लागलं.

"मला बी न्या तिकडं," त्या म्हणाल्या.

"नको!" दोघं एकदम ओरडले. तो शब्द मात्र लख्ख ऐकू आला.

"का? का नको?"

मल्लिनाथनं का ते सांगितलं. दामिनीनं सासूचे दोन्ही हात घट्ट धरून पुढचं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. सांगताना तिला रडू आवरेना. शांतम्मा एकदा लेकाच्या तोंडाकडं, एकदा सुनेच्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यांनी आपले हात सोडवून घेतले, आत जाऊन मकसूदला फोन लावला आणि म्हणाल्या, "बाबा, रविवारी गाडी रिकामी हाय का?"