तिसरा मिस कॉल

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही चिखलीत अंबूबाईंच्या खानावळीत बसला आहात. शेगडीवर पिठलं रटरटतंय, परातीत बाजरीचं पीठ आहे आणि डब्याच्या झाकणावर अंबूबाईंचा फोन ठेवलाय. तो वाजला तरी कोणी उचलायचा नाही. इथला नियमच तसा आहे.

नियम जुना. पूर्वी फोनवर बोललं की मिनिटाला पैसे पडत आणि न उचललेला फोन फुकट जाई. म्हणून चाकणच्या कंपनीत काम करणारा धम्मपाल आपल्या शिफ्टच्या जेवणाची ऑर्डर मिस कॉलने द्यायचा. एक मिस कॉल म्हणजे चपाती. दोन म्हणजे भाकरी. तीन म्हणजे आज डबे नकोत. अंबूबाई उलट एक मिस कॉल द्यायच्या, म्हणजे समजलं. इतक्या वर्षांत दोघं फोनवर एक शब्द बोलले नव्हते, आणि कधी भांडलेही नव्हते.

त्या दिवशी शिफ्टमधले सगळ्यांत जुने कामगार साहेबराव निवृत्त होणार होते. धम्मपाल सकाळीच येऊन बजावून गेला होता.

"मावशी, आज जेवण झकास पाहिजे. पोरं म्हणतात ॲपवाली नवी मेस लावू. आज बिघडलं, तर उद्यापासून माझं कोणी ऐकायचं नाही."

"चपाती का भाकरी?"

"साहेबरावांना विचारून मिस कॉल देतो."

दुपारी फोन वाजला आणि थांबला. पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. अंबूबाईंनी खुशीत बाजरीच्या पिठात पाणी ओतलं. तेवढ्यात तो तिसऱ्यांदा वाजला.

अंबूबाईंचा हात परातीतच थांबला. मग त्यांनी गॅस बंद केला.

"गेली शिफ्ट ॲपवाल्याकडं," त्या म्हणाल्या.

त्यांची पाचवीतली नात स्वप्नाली शेजारी कांदे सोलत होती. "आजी, फोन करून विचार की."

"मिस कॉल आल्यावर फोन करायचा? काय म्हणंल तो? एवढी जुनी मावशी, आन् हिला तीनपर्यंत मोजता येत न्हाई?"

स्वप्नालीने हात पुसून फोन पाहिला. "हे तिन्ही कॉल इंटरनेटवरून आलेत. कंपनीच्या वायफायवरून केले असतील. हे असे मोजून चालत नाहीत."

"का? इंटरनेटचे आकडे येगळे असत्यात?"

"तसं नाही गं. चाकणच्या रस्त्याला ट्रॅफिक लागलं की तू डबे कसे पाठवतेस?"

"वाटून. थोडे मोशीवरनं, थोडे तळवड्यावरनं, थोडे आळंदीकडनं. डब्यांवर नंबर टाकायचा. गेटवर नंबर बघून लावून घेत्यात. एखादा न्हाई पोचला, तर तेवढाच परत धाडायचा."

"इंटरनेट असंच चालतं. धम्मपालकाकांचा कॉल म्हणजेसुद्धा बारीक बारीक डबे. जो रस्ता मिळेल त्या रस्त्याने येतात, अडकले तर उशिरा येतात. काकांना वाटलं असेल पहिला गेलाच नाही, म्हणून त्यांनी एक जास्तीचा केला. मग अडकलेलाही पोचला."

"माझे डबे उशिरा जात्यात. दोनाचे तीन होत न्हाईत."

"डबे नेताना गणराजदादाची गाडी अडकली म्हणून तू दुसरा डबा पाठवला होतास, आणि मग दोन्ही पोचले होते. आठवतं?"

अंबूबाईंना आठवलं. "श्रीखंडाचा डबा होता," त्या हळूच म्हणाल्या. "एकानं परत केला न्हाई."

"मग? लाव फोन."

"आन् पैसे?"

"बोलायचे वेगळे पैसे आता नसतात, आजी."

"का? फोनवाल्यांनी अन्नछत्र काढलंय व्हय?"

"पूर्वी तू बोलायला लागलीस, की चिखली ते चाकण अख्खी वाट तुझ्या एकटीसाठी अडवून ठेवायचे. तू गप्प बसलीस तरी दुसरं कोणी त्यावरून जायचं नाही. म्हणून मिनिटाचे पैसे. आता एकाच रस्त्यावरून सगळ्यांचे डबे जातात. लोक इंटरनेटवरूनच बोलायला लागले, मग मिनिटं कोण विकत घेणार? म्हणून कंपन्यांनी इंटरनेट विकायला काढलं आणि बोलणं त्याच्यासोबत देऊन टाकलं. आपल्या थाळीत कांदा-लिंबू देतो तसं."

"म्हंजी आमी एवढी वर्षं कांदा-लिंबू वाचवत बसलो?"

"तेव्हा ती भाजी होती. कांदा-लिंबू आता झालंय."

हे मात्र अंबूबाईंना लगेच पटलं. स्वप्नालीने फोन लावला. धम्मपालने एका रिंगमध्ये कापला. त्याच्या हिशेबाने मावशींचं 'समजलं' आलं होतं. तिने पुन्हा लावला, त्याने पुन्हा कापला.

"बघ, तो तरी नियम पाळतो," अंबूबाई अभिमानाने म्हणाल्या.

मग स्वप्नालीने आपला आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवला. "काका, आजीने गॅस बंद केलाय. जेवण हवंय की नको, ते तोंडाने सांगा."

लगेच उलट निरोपात धम्मपालचा आवाज धापा टाकत आला. "मावशी, अहो बंद काय करता? पहिला कॉल पत्र्याच्या शेडमधून गेलाच नाही, म्हणून बाहेर येऊन परत दोन दिले. भाकरी पाहिजे, भाकरी. साहेबरावांनी त्यासाठी सकाळपासून नुसत्या चहावर दम धरलाय."

अंबूबाईंनी गॅस इतक्या झटकन पेटवला, की पिठल्यालाही कळलं नसेल तो मधे बंद होता. भाकऱ्या थापल्या गेल्या, डब्यांवर नंबर पडले आणि गणराज व त्याची मित्रमंडळी तीन वाटांनी सुटली.

त्यानंतर मात्र वाट बघणं आलं. मावशींनी पाच वेळा ओटा पुसला. डबे पोचले का, साहेबराव जेवले का, शिफ्ट राहिली का, काहीच कळेना.

अखेर फोन वाजला.

"एक," म्हणत अंबूबाईंनी बोट दुमडलं आणि पुढच्या मिस कॉलसाठी कान टवकारले.

स्वप्नालीने तो थांबायच्या आत उचलला, आजीच्या कानाला लावला आणि म्हणाली, "काका, बोला. आजी ऐकतेय."