पाण्याचा आडोसा

खड्डा

मागच्या अंगणात, पेरूच्या झाडापासून थोडं दूर, गुणाकरने खड्डा खणायला घेतला. दिवाळी होऊन गेली होती. जमीन अजून ओल धरून होती.

सुनीती ओट्यावर तांदूळ निवडत होती. नवरा भर दुपारी पहार घेऊन अंगण उकरतोय, तरी तिने विचारलं नाही की खड्डा कशाचा.

तीच तर गोष्ट होती. ती विचारत नव्हती.

उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत सगळी नोकरी काढून गुणाकर होळीच्या सुमारास रिटायर झाला. क्वार्टर सुटलं. बालाघाटला थोडं थोडं करून बांधून ठेवलेल्या या घरात दोघं राहायला आली. तेव्हापासून सुनीतीचं बोलणं कमी होत गेलं. नळ जातो तसं. आधी धार, मग करंगळीएवढं, मग थेंब.

गुणाकर खड्ड्यातून ओरडला. त्याला हळू बोलता यायचंच नाही.

“पाणी आणून राह्यलो! उकव्याचं!”

सुनीतीने मान वर केली. तांदळातला खडा तिच्या बोटांत तसाच राहिला.


उकव्याचं पाणी

क्वार्टरांच्या शेवटच्या ओळीमागे खाणीतलं पाणी यायचं. खालून पंपाने उपसलेलं. पाइपाचं तोंड दगडांखाली गाडलेलं होतं, त्यामुळे पाइप दिसायचा नाही. दगडांमधून पाणी उसळायचं, पसरायचं, नाल्याकडे जायचं. दिवसा तसंच, रात्री तसंच. थंडीत त्यातून वाफ निघायची.

क्वार्टरांच्या भिंती अशा की शेजारचा खोकला कोणाचा, थोरल्याचा की धाकट्याचा, तेही कळावं.

दुपारची भांडी घेऊन सुनीती तिथे जायची. पलीकडच्या ओळीतून, खाणीतल्याच शालिकरामची बायको शेवंताबाई यायची. भांडी लवकर संपायची. बोलणं संपायचं नाही. गुणाकर मागच्या दारात उभा राहून बघायचा. दोन तोंडं हलताहेत, हात उडताहेत, एखादीने पदर डोळ्याला लावलाय, दुसरीने तिच्या पाठीत धपाटा घातलाय. आवाज फक्त पाण्याचा.

“काय चाललं होतं एवढं?”

“काही नाही. बायांचं.”

आणि ती हलकी होऊन घरात यायची. भाकरी थापताना गुणगुणायची. त्या हलकेपणावर आपलं घर चाललंय, हे गुणाकरला तेव्हा माहीत नव्हतं.

इथे आल्यावर ती एकदा म्हणाली होती, “इथं पाण्याचा आवाजच नाही.”

ते वाक्य त्याने धरून ठेवलं.


कान

गुणाकर ब्लास्टिंगच्या कामावर होता. डावा कान त्यातच गेला. उजव्याने, माणूस जवळ असेल आणि मधे दुसरा आवाज नसेल, तर नीट ऐकू यायचं. उकव्याला त्याचं काही वाटायचं नाही. तिथे निम्म्या ओळीचे कान तसेच होते. सगळेच ओरडायचे.

बालाघाटच्या या गल्लीत लोक हळू बोलत. घराला लागून भिंत, भिंतीपलीकडे तेजराम. माणूस भला, पण जीभ स्वस्थ बसायची नाही.

“अहोऽ! भाजी काय करूऽ?”

गुणाकरने पेपरातून डोकं वर काढायच्या आत भिंतीवरून उत्तर आलं.

“भाभी, भेंडी बना लो!”

अख्खी गल्ली हसली. सुनीतीही हसली. त्या दिवशी.

मग श्रावणात तिरोडीहून माणूस निरोप घेऊन आला. मुलगी मीनाक्षी तिरोडीला दिलेली. माणूस गेला आणि सुनीती ओसरीवर आली. चेहरा पांढरा पडलेला.

“मीनाक्षीचं या खेपेलेही नाही राह्यलं.”

“काय?”

“नाही राह्यलं म्हटलं.”

“काय नाही राह्यलं?”

“पोट!” ती ओरडली. “पोट नाही राह्यलं पोरीचं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली एक म्हातारी कागदाच्या पुडीत कसलीशी मुळी घेऊन आली. “हमारी बहू को इसी से ठहरा था.” सुनीतीने पुडी घेतली, म्हातारीला चहा केला, दारापर्यंत पोहोचवलं.

त्यानंतर खुणा. जेवायचं: पाचही बोटं तोंडाकडे. चहा: अंगठा आणि करंगळी. कोणी आलंय: मान दाराकडे. घरातलं सगळं काम खुणांनी व्हायला लागलं. भाजी ती आपल्या मनानेच करायची.

गुणाकरला वाटलं, हिला उकव्याची आठवण येते.

आठवण तर येतच होती. त्याचं पूर्ण चुकलं नव्हतं.


दगड

तो उकव्याच्या बसने गेला. साहेबांना विचारून टाकाऊ दगडांच्या ढिगावर चढला. त्याला एक विशिष्ट दगड हवा होता आणि तो मिळाला: काळपट, बैलाच्या वशिंडासारखा, आणि मधून आरपार भोक. ड्रिलने पाडलेलं भोक. बारूद भरायची राहून गेलेली. आजूबाजूची भोकं उडाली, आणि हा तुकडा आपलं भोक घेऊन अख्खा बाहेर पडला.

गुणाकरने आयुष्यात किती भोकं भरली असतील. हे एक रिकामं राहिलेलं.

माल घेऊन निघालेल्या ट्रकवाल्याने तो बालाघाटपर्यंत आणून दिला. उतरवायला तेजराम धावला. हात काळे करून घेतले आणि म्हणाला, “दादा, भगवान बिठा रहे हो क्या?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर जास्वंदीचं फूल होतं. कोणी वाहिलं, कळलं नाही. गुणाकरने ते काढलं. तिसऱ्या दिवशी दोन होती.


पाणी

खड्ड्यात विटांचा हौद. आतून सिमेंट. सिमेंटला आठवडाभर पाणी मारायचं.

हौदावर लोखंडी जाळी. जाळीवर दगड.

हौदात पंप. नवा पंप कुठला आणणार, कुलरचाच काढला. पंपाची नळी दगडाच्या भोकातून वर. वायर ओसरीतल्या बटणापर्यंत.

जाळी झाकायला वैनगंगेचे गोटे, सायकलवर पोत्याने आणलेले.

पाणी भोकातून वर येणार, दगडावरून उतरणार, गोट्यांमधून हौदात पडणार, परत वर. पाणी तेच ते. नुसतं फिरत राहणार.

“और गर्मी में?” तेजराम भिंतीवर कोपर टेकून म्हणाला. “कुलर कैसे चलेगा?”

“गर्मी में देखेंगे.”

बटण दाबलं. काही नाही.

परत दाबलं. पाण्याची पिचकारी थेट पेरूवर, पेरूवरचे पोपट उडाले.

नळी आखूड केली. मग दगडाच्या डोक्यावर पाण्याचा बुडबुडा आला, लिंबाएवढा, फुटला, पुन्हा आला, आणि काळा दगड ओला होत होत चमकायला लागला. दिसायला इतकं छान होतं की तेजराम गप्प बसला.

पण गुणाकरला दिसण्याचं काय करायचं होतं? त्याला आवाज हवा होता, आणि आवाज कसा झालाय हे त्यालाच कळत नव्हतं. त्याने दगडावर तळहात ठेवला. थरथर लागली. त्याने सुनीतीला बोलावलं.

“असाच होता ना?”

सुनीती उभी राहिली. ऐकलं. मान हलवली: नाही.

त्याने नळी वर ओढली. नाही. खाली घेतली. नाही. गोटे काढले, मोठे घातले, बारीक घातले. संध्याकाळी तो बटण दाबायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. कान तिचे, दगड त्याचा. ती रोज येऊन उभी राहायची, कारण तो एवढं करतोय हे तिला दिसत होतं. डोळे भरून यायचे. मान मात्र हलायची: नाही.

गल्लीला त्या दगडाचा एक उपयोग सापडला. लाइट सारखी जायची; दगडावर बुडबुडा उठला की लोक म्हणायचे, लाइट आली.

माघात गुणाकरने ट्रकवाल्याबरोबर निरोप धाडला. शेवंताबाईला म्हणावं, एकदा येऊन ऐकून जा.


शेवंताबाई

ती बोरांची पिशवी घेऊन बसमधून उतरली आणि ओसरीवर पाय ठेवायच्या आत सुरू झाली.

“काय भाऊजी! लोक रिटायर झाले की गाय पाळतेत. तुमी दगड पाळला म्हने!”

“तू ऐक तं आधी.”

त्याने बटण दाबलं. शेवंताबाई दगडाजवळ उकिडवी बसली. मान वाकडी करून ऐकलं.

“अवो, हे तं म्हातारं चूळ भरून राह्यलं.”

सुनीती हसली. तोंडावर पदर न घेता, मोकळी हसली. गुणाकरला हसू ऐकू आलं नाही, पण तिचे खांदे हलताना दिसले. ते खांदे त्याने उकव्यानंतर पाहिले नव्हते.

“तिथं कसं?” त्याने विचारलं. “काय कमी पडून राह्यलं?”

शेवंताबाईने सुनीतीकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर तेजरामचं कोपर होतं.

“तेलाचा खाली झालेला डबा हाय का घरात?”

डबा आला. शेवंताबाईने तो पायाखाली चेपला, गोटे बाजूला केले, पत्रा जाळीखाली तिरका अडकवला आणि गोटे परत लावले. आता दगडावरून उतरणारं पाणी थेट पत्र्यावर पडायला लागलं. पत्रा ताडताड वाजला. हौदाने तो आवाज घुमवून दुप्पट केला. गुणाकरच्या उजव्या कानालाही तो पोहोचला: गोड नाही, छान नाही, नुसता मोठा.

तेजरामने भिंतीवरून काहीतरी विचारलं. कोणाला ऐकू गेलं नाही. त्याने हात हलवला आणि कोपर काढून घेतलं.

शेवंताबाई सुनीतीला काहीतरी म्हणाली. तिच्या ओठांवरून गुणाकरला एवढंच कळलं: बोल आता, बाई.

आणि सुनीती बोलायला लागली.

तो ओसरीत बटणापाशी उभा होता. तोंडं हलत होती. हात उडत होते. सुनीतीने मधेच पेरूकडे बोट केलं, घराकडे केलं, आपल्या पोटावर हात ठेवला. शेवंताबाईने तिचा गुडघा धरला. सुनीतीचं तोंड थांबेना. एवढं तिच्यात कुठे साठलं होतं? गुणाकरला वाटलं, झालं, आपलं काम झालं. लगेच वाटलं, यातलं एक वाक्य आपल्याला मिळावं. एकच. बटण त्याच्या हाताशी होतं. दाबलं असतं तर पाणी थांबलं असतं. त्याने हात मागे घेतला, पाठीशी धरला, आणि


लाइट गेली

“त्याइच्याशीच बोलावं वाटते मले, शेवंता! पण वरडून वरडून काय सांगू मी माह्या पोरीचं?”

पाण्यावरून जायला चढवलेला आवाज. पाणी नव्हतं. आवाज अख्ख्या अंगणावर पडला.

पत्र्यावर उरलेले थेंब. टप. टप.

भिंतीपलीकडे तेजरामचा रेडिओही बंद पडला होता. त्यालाही ऐकू गेलं असणार. तो खाकरला. सगळ्यांना वाटलं, आता हा काहीतरी म्हणणार. त्याच्या चपला वाजल्या, घरात गेल्या, आणि दार लागलं.

गुणाकरच्या उजव्या कानात वाक्य पूर्ण गेलं होतं, एकही शब्द न सांडता. सुनीती त्याच्याकडे बघत नव्हती. ती ओल्या गोट्यांकडे बघत होती.

“बोरं खा, भाऊजी,” शेवंताबाई म्हणाली. “गोड हायेत.”

त्याने बोर खाल्लं. बी बराच वेळ तोंडात धरून ठेवली.


लाइट आली

शेवंताबाई सकाळच्या बसने गेली. जाताना दगडावर हात टेकवून त्याला म्हणाली, “येतो रे बाप्पा.”

दिवसभर घरात खुणाच होत्या. जेवायचं. चहा. दुपारी गुणाकर एकदा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि परत आला. काय बोलायचं ते त्याला सुचत होतं. पण ते त्याच्या तोंडून निघालं असतं तर चौकापर्यंत गेलं असतं.

संध्याकाळी लाइट आली तसा त्याने देवघरातून एक पाट आणला, जेवणघरातून दुसरा. दोन्ही दगडाजवळ मांडले. बटण दाबलं. पत्रा वाजू लागला. तो एका पाटावर बसला.

सुनीती दारात आली. रिकामा पाट बघत राहिली. गुणाकर शेवंताबाईच्या जागी बसला होता. ती आली, बसली, पदर गुडघ्यांवर ओढून घेतला.

ती त्याच्या डाव्या हाताला होती.

पाणी वर आलं, फुटलं, खाली गेलं. मग तिचे ओठ हलले.

गुणाकरला काही ऐकू आलं नाही. “काय?” त्याच्या ओठांपर्यंत आलं. लग्न झाल्यापासून त्याने बायकोला सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द म्हटला असेल तर हा. त्याने तो गिळला. नुसता तिच्याकडे बघत राहिला, तोंड अर्धवट उघडं.

सुनीतीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. उठली. आपला पाट उचलला, दगडाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली, पाट त्याच्या पाटाला टेकवला. बसली. आणि तोंड त्याच्या कानापाशी नेलं, इतकं जवळ की बोलण्याआधी त्याला तिचा श्वास लागला.

“भाजी काय करू?”

हळू. साध्या आवाजात. लग्नाच्या नवीन दिवसांत होता तो आवाज. तो अजून आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

तो भिंतीकडे बघत थांबला. भिंतीवरून उत्तर आलं नाही.

“कायचीही कर,” तो म्हणाला. त्याला वाटलं आपण हळू बोललो. हळू नसेलही. पण पाणी होतं.

“उन्हाळ्यात पंप काढान का?”

त्याने मान हलवली: नाही. काढणार नाही. उकाड्यात मरू, पण काढणार नाही.

मग तिचा हात पाटावरून त्याच्या हातावर आला. ओला, थंड. तिने पुन्हा तोंड कानापाशी नेलं.

“मीनाक्षी,” ती म्हणाली, आणि सांगू लागली.

लांब होतं. त्यातलं निम्मं पाण्यात जात होतं, निम्मं त्याच्यापर्यंत पोहोचत होतं. तो आणखी वाकला. कान तिच्या ओठांना लागला. ओसरीतला बल्ब एकदा मिणमिणला, दगडावरचं पाणी क्षणभर खाली बसलं, परत वर आलं. गुणाकरने श्वास रोखून धरला. तिचं सांगून होईपर्यंत लाइट राहू दे, एवढंच त्याला हवं होतं.