पारूबाईचा भोपळा

लातूर जिल्हा नवा झाला, साहेबराव नव्या कचेरीत कारकून म्हणून लागला आणि जळकोटहून मायला, पारूबाईला, क्वार्टरवर घेऊन आला. पण मायचा जीव इथं रमेना. तिनं आणलेलं गाठोडं दाराआड तसंच बांधलेलं. परसात तिनं भोपळ्याचा वेल लावला आणि तोंडावर सांगून टाकलं, "याला फळ धरलं तर राहीन. न्हाई तर मला गाडीत बसवून दे."

साहेबराव वेलाच्या मागंच लागला. त्यात दुष्काळ, पाणी टँकरचं. तरी अंघोळीचं, भांड्याचं पाणी सगळं वेलालाच जाई. वेल मांडवभर पसरला, फुलांनी भरला. पण बोटाएवढी फळं पिवळी पडून गळायची!

साहेबराव तसा हौशी. साहेबाच्या बंगल्यासारखं अंगण पाहिजे म्हणून तण उपटायचा, फुलावर आलेली कोथिंबीरही ठेवायचा नाही. रांजणापाशी ओलीला मधमाश्या जमल्या, की विषारी पावडर मारायचा. त्या सकाळीही पावडरचा डबा घेऊन निघाला, तोच शेजारच्या महादेवीबाईंनी हटकलं. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या.

"साहेबराव, हे काय करून राहिलात?"

"माश्या लई झाल्यात, बाई. मायला डसल्या म्हंजे?"

"तहानलेल्या जिवांना मारता, अन् वर भोपळा मागता?" बाई आत आल्या. एक फूल तोडून त्यातली पिवळी भुकटी त्यांनी दुसऱ्या फुलात हलकेच फिरवली. त्या फुलाच्या बुडाशी इवलं फळ होतं. "हे नराचं, हे मादीचं. याची भुकटी तिला पोचवणार कोण? तुमच्या कचेरीचा शिपाई?"

पारूबाई खुदकन हसली.

आणि काय सांगावं! आठवड्याभरात तेवढं एकच फळ फुगलं, बाकीची गळाली. साहेबराव हबकलाच. अरेरे! मायला डसू नयेत म्हणून ज्या माश्या मारल्या, त्याच मायला थांबवणार होत्या!

पावडर बंद झाली. खापराच्या ताटलीत खडे घालून पाणी ठेवलं, माश्या बुडू नयेत म्हणून. कोथिंबीर पांढरी फुलली, कोपऱ्यातलं तण कुणी उपटलं नाही. हळूहळू माश्या परतल्या, मांडवाला भोपळे लोंबले. पहिली फोड महादेवीबाईंकडं गेली. मग पारूबाईनं दाराआडचं गाठोडं ओढलं आणि गाठ सोडली.

"लुगडी ठिवायला खुंटी कुठं हाय रे?" तिनं विचारलं. साहेबरावाचे डोळे भरून आले.

मंडळी, लख्ख झाडलेलं अंगण भरल्या घराचं असतंच असं नाही. दारात ताटलीभर पाणी ठेवा, चार फुलं फुलू द्या. हे मधमाशीवर उपकार नव्हेत. आपल्या ताटातल्या घासाची ती तिची मजुरी आहे!