गार पडलेले तळवे

चौथ्या दिवशी सकाळी येरुतीचा ताप उतरला आणि घरातल्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. घाबरली ती एकटी अनालिया, तिची आई.

अनालियाची सासू, न्या देओलिंदा, म्हणजे देओलिंदाबाई, अंगणात आंब्याखाली बसून लाकडी उखळीत पुदिना आणि कसली कसली मुळं कुटत होती, तेरेरेच्या, म्हणजे पाल्याच्या थंड चहाच्या, गार पाण्यात घालायला. लुके गावातल्या त्या गल्लीत एवढं वैद्यक सगळ्यांनाच येतं: ताप म्हणजे उष्णता, ती काढायची थंड पाल्याने, आणि अंग गार पडलं की दुखणं गेलं. म्हातारीने नातीच्या तळव्यांना हात लावून पाहिला, गार लागले, तेव्हा छातीवर क्रूस काढूनच ती कुटायला बसली होती. तिचा मुलगा, अनालियाचा नवरा विल्फ्रिदो, चार दिवसांचा खाडा संपवून वीटभट्टीवर निघायला बूट चढवत होता.

आनंदाच्या भरात म्हातारीने आणखी एक गोष्ट सांगून टाकली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दिलेली अँटिबायोटिकची गोळी अनालियाने नको म्हटली होती. तीच म्हातारीने काल दोनदा मधातून चाटवली होती.

"बघ, तुझा डेंगू कसा शेपूट घालून पळाला," ती म्हणाली. "तू चार बुकं जास्त शिकलीस, पण पोर बरी केली ती गोळीनेच."

अनालिया शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि दरवर्षी फळ्यापुढे उभी राहून हेच सांगायची. बहुतेक जिवाणूंचा संसार त्यांचा स्वतःचा असतो. खायला मिळालं की एकाचे दोन होतात, आणि गोळी त्या संसारावरच घाव घालते. विषाणूला मात्र ना चूल ना भांडं. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर, तिच्याच पिठातून, स्वतःसारखे हजारो करून घेतो. त्याचं स्वतःचं असं काही नसतंच, मग गोळी मारणार कशाला? "म्हणजे आमच्या मामासारखा," एक मुलगी म्हणाली होती आणि अख्खा वर्ग हसला होता.

आता तेच तिच्या चार वर्षांच्या पोरीच्या अंगात चाललं होतं. जे अंग तिने आपल्या रक्तावर नऊ महिने पोसलं, त्यातल्या कुठल्या पेशीत कोण रांधून जेवतंय हे तिला बाहेरून दिसणार नव्हतं.

रक्त तपासून डेंगू निघाला त्या दिवशी नर्सने बजावलं होतं: ताप चढला म्हणून धावत येऊ नका, पण उतरला की डोळ्यांत तेल घालून बसा. तेव्हाच नसांमधून पाणी झिरपायला लागतं. म्हणून अनालिया पहाटेपासून बसूनच होती. येरुतीला तीनदा उलटी झाली होती. ती पोट धरून पडली होती. मांजर उशीवर चढून बसलं तरी तिने त्याला ढकललं नाही. अनालियाने तिचं नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख गुलाबी व्हायला फार वेळ लागला; रक्त तिथवर नीट पोचत नव्हतं.

तिने पोरीला उचललं आणि विल्फ्रिदोला मोटरसायकल काढायला सांगितलं.

"बरी झालेली पोर दवाखान्यात नेतेस?" म्हातारीची उखळ थांबली. "तिथून नवं काहीतरी घेऊन येशील."

विल्फ्रिदो आईकडे बघायला लागला. चार दिवसांत तो प्रत्येक वेळी आधी तिकडेच बघत आला होता. अनालियाने येरुतीचा हात त्याच्या हातात दिला.

"बाहेर चाळीस डिग्री आहे," ती म्हणाली. "तुला मला घामाच्या धारा लागल्यात. हिचा हात का गार आहे, ते सांग."

त्याने हात धरून ठेवला. मग वळून किल्ली शोधायला लागला.

दवाखान्यात नर्सने येरुतीचं नख दाबलं आणि तिचं बोलणं मध्येच थांबलं. मग सगळं भराभर झालं: सुई, सलाईन, दुसऱ्या हातात दुसरी सुई. येरुती रडली नाही, याचीच अनालियाला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त दाट झालंय, वेळेवर आणलंत. पण उद्या सकाळपर्यंत मी काही सांगणार नाही.

दुपारी न्या देओलिंदा बसने आली. नळ्या लावलेल्या नातीकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"पण ताप तर गेला होता ना?" तिने हळूच विचारलं.

"गेला, आई. पण करायचं ते करून गेला."

म्हातारी पलंगाच्या पायथ्याशी बसली. नातीचे तळवे मांडीवर घेऊन चोळायला लागली, आधी सावकाश, मग जोरजोरात. जन्मभर दुसऱ्यांची उष्णता उतरवत आलेली ती बाई आता कपाळावरचा घाम पुसायलाही थांबेना.

"आता बघ बरं," ती म्हणाली. "कोमट लागतात का गं?"

अनालियाने हात लावून पाहिला. कोमट लागत होते. पण ती ऊब पोरीच्या अंगातून आलेली, की म्हातारीच्या हातांची, हे तिला कळेना. तिने तळवे म्हातारीच्या हातांतून सोडवून चादरीवर ठेवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, पुन्हा हात लावून पाहण्याआधी, पाच मिनिटं जायची वाट पाहू लागली.